मिलिया (त्वचाविकार)

मिलिया हा त्वचेच्या अगदी वरच्या थरात तयार होणाऱ्या लहान, घट्ट, पांढऱ्या किंवा पिवळसर पुटींचा निरुपद्रवी विकार आहे. अशा एका पुटीस मिलियम म्हणतात. मिलिया हे त्याचे अनेकवचन होय. या पुटी प्रामुख्याने चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांखाली, पापण्यांवर, गालांवर, नाकावर आणि कपाळावर आढळतात. पुटीमध्ये पू, चरबी किंवा पाणी नसून केराटिन या प्रथिनाचा घट्ट गोळा असतो. त्यामुळे त्या दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि एकापासून दुसऱ्याला होत नाहीत. हा विकार कोणत्याही वयात आणि स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो. नवजात बालकांत तो इतका सामान्य आहे की त्यास विकार म्हणण्यापेक्षा जन्मानंतरचा एक नैसर्गिक टप्पा मानणे अधिक योग्य ठरते.

मिलियाचे महत्त्व त्याच्यामुळे होणाऱ्या त्रासात नाही, तर त्याच्या ओळखीत आहे. चेहऱ्यावरील प्रत्येक बारीक दाण्याला सामान्यतः 'मुरूम' किंवा 'पुटकुळी' म्हटले जाते आणि मुरमांचेच उपाय त्यावर केले जातात. हे उपाय मिलियावर निष्फळ ठरतात. दाणा दाबून किंवा टोचून काढण्याच्या प्रयत्नात कायमचा डाग किंवा व्रण पडण्याचा संभव असतो. दुसऱ्या बाजूने, मिलियासारखेच दिसणारे काही दाणे गंभीर आजारांचे लक्षण असतात आणि त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास हानी होते.

नाव

'मिलियम' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ वरीसारख्या बारीक तृणधान्याचा दाणा असा आहे. पुटीचा आकार आणि गोलाई यांवरून हे नाव पडले. याच मूळ शब्दावरून घामोळ्याचे 'मिलिआरिया' हे वैद्यकीय नावही आले आहे. तथापि घामोळे आणि मिलिया हे दोन भिन्न विकार आहेत. घामोळे घामाच्या नलिका तुंबल्यामुळे येते, तर मिलियात केराटिन साठते. मराठीत मिलियासाठी स्वतंत्र रूढ शब्द नाही. बोलीत अशा पुटींना 'पांढरे दाणे', 'बारीक पुळ्या' असे म्हटले जाते आणि हेच शब्द इतर विकारांसाठीही वापरले जात असल्याने घोटाळा होतो.

स्वरूप आणि लक्षणे

मिलियाची पुटी साधारणतः १ ते २ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी किंवा मोहरीहून थोडी लहान असते. ती गोल, गुळगुळीत आणि त्वचेच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच असते. तिचा रंग मोत्यासारखा पांढरा असून सावळ्या त्वचेवर तो विशेष उठून दिसतो. पुटीभोवती लाली किंवा सूज नसते. बोट फिरवल्यास आत कठीण कण असल्यासारखे जाणवते.

मिलियाच्या पुटीला बाहेर उघडणारे तोंड नसते, आणि हेच तिच्या चिवटपणाचे कारण आहे. मुरमाच्या दाण्याला रोमरंध्राचे तोंड असते व आतील द्रव्य त्या वाटेने बाहेर पडू शकते. मिलियाची पुटी मात्र अखंड पातळ त्वचेखाली बंद असते. चेहरा कितीही धुतला, चोळला किंवा दाबला तरी आतील कण बाहेर येत नाही. मोठ्या व्यक्तींत अशी पुटी अनेक महिने, क्वचित वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते.

पुटींची निर्मिती

त्वचेचे बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. वर येता येता त्या चपट्या होतात, त्यांच्यात केराटिन भरते आणि पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या मृत होऊन पापुद्र्याच्या रूपाने गळून पडतात. हा प्रवास साधारणतः चार ते सहा आठवड्यांचा असतो. केस, नखे आणि तळपायाची जाड त्वचा यांतही केराटिन हेच मुख्य प्रथिन आहे.

चेहऱ्यावर डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक लव असते. या लवेच्या मुळाशी असलेल्या केशपुटकाचा वरचा भाग नरसाळ्यासारखा असतो आणि त्याच्या भिंतीही केराटिन तयार करणाऱ्या पेशींच्याच असतात. काही कारणाने या भागाचा एखादा अंश पृष्ठभागापासून तुटून बंद झाला, तर गळून पडणाऱ्या पेशींना बाहेर जाण्यास वाट उरत नाही. त्या आतच थरावर थर साचत जातात आणि कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकावर एक बसून घट्ट गोळी बनते. हीच मिलियाची पुटी होय. त्वचेला इजा झाल्यानंतर येणाऱ्या मिलियात अशीच प्रक्रिया बहुधा घामाच्या नलिकेच्या तुटलेल्या भागातून घडते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मिलिया अस्वच्छतेमुळे होत नाही. तसेच पुटीत चरबी नसल्यामुळे आहारातील तेल-तूप किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल यांच्याशीही तिचा संबंध नसतो.

प्रकार

नवजात बालकांतील मिलिया: पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के बालकांच्या चेहऱ्यावर जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत मिलिया दिसतो. नाक, गाल, हनुवटी आणि कपाळ या ठिकाणी पांढरे ठिपके विखुरलेले असतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत त्याचे प्रमाण कमी असते. हे ठिपके बहुधा काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. क्वचित त्यांस तीन महिनेही लागतात. याच प्रकारच्या पुटी बालकाच्या टाळूच्या मध्यरेषेवर आढळल्यास त्यांना प्रागचे बालरोगतज्ज्ञ आलोइस एपस्टाइन यांच्या नावावरून 'एपस्टाइनचे मोती' म्हणतात. हिरड्यांजवळ दिसणारे असे दाणे पाहून 'बाळाला जन्मतःच दात आले' असा समज होतो, परंतु तेही निरुपद्रवी असून आपोआप जातात.

प्राथमिक मिलिया: मोठी मुले आणि प्रौढ व्यक्ती यांच्यात कोणत्याही पूर्वीच्या इजेशिवाय येणारा हा प्रकार होय. पापण्या, डोळ्यांखालील भाग आणि गाल ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. तोही कधी आपोआप जातो, परंतु बालकांतील मिलियापेक्षा बराच अधिक काळ टिकतो.

दुय्यम मिलिया: त्वचेला इजा होऊन ती भरून येत असताना हा प्रकार उद्भवतो. भाजणे, खरचटणे, त्वचारोपण, त्वचा घासून काढण्याची सौंदर्यशस्त्रक्रिया, लेसर उपचार, किरणोत्सर्गी उपचार आणि फोड येणारे त्वचारोग ही त्याची कारणे आहेत. एपिडर्मोलिसिस बुलोसा या आनुवंशिक आजारात किरकोळ घर्षणानेही फोड येतात आणि ते भरल्यावर त्या जागी मिलिया दिसतो. पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा या आजारात उन्हाने हातांच्या मागील बाजूस फोड येतात व तेथे मिलिया उरतो. त्यामुळे चेहऱ्याखेरीज इतरत्र, विशेषतः हातांवर, मिलिया आढळल्यास मूळ आजाराचा शोध घेतला जातो. स्टेरॉइडयुक्त मलम दीर्घकाळ लावल्यानेही मिलिया येऊ शकतो.

विरळ प्रकार: कानामागे किंवा पापण्यांवर लालसर, उंच चट्ट्यावर अनेक पुटी दाटीने येतात, त्यास 'चट्टेदार मिलिया' म्हणता येईल. तो मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोठ्या संख्येने पुटी उगवण्याचा आणखी एक प्रकार आहे. काही दुर्मीळ आनुवंशिक विकारांतही मिलिया हे एक लक्षण असते.

मिलियाशी साम्य असणारे विकार

चेहऱ्यावर दीर्घकाळ टिकणारे बारीक दाणे अनेक कारणांनी येतात. त्यांतील प्रमुख विकार आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

बंद कॉमेडोन: ही मुरमाची (तारुण्यपीटिकेची) पहिली अवस्था होय. रोमरंध्रात तेल आणि मृत पेशी साचून त्वचेच्याच रंगाचा किंवा पांढुरका उंचवटा येतो. हे दाणे कपाळ, हनुवटी आणि गाल या तेलकट भागांवर येतात. त्यांच्या जोडीला काळ्या टोकाचे दाणे किंवा लाल पुळ्या असतात आणि वय बहुधा किशोरावस्थेचे असते.

सिरिंगोमा: घामाच्या नलिकांपासून होणाऱ्या या निरुपद्रवी गाठी खालच्या पापण्यांवर दोन्ही बाजूंना सारख्या प्रमाणात येतात. त्या त्वचेच्या रंगाच्या किंवा पिवळसर असतात आणि स्त्रियांत अधिक आढळतात. टोचल्यास त्यांतून काहीही बाहेर येत नाही. मिलिया समजून त्या कोरण्याचा प्रयत्न झाल्यास केवळ व्रण पडतो.

तैलग्रंथींची वृद्धी: मध्यम वयानंतर कपाळ व गालांवर येणारे हे पिवळसर दाणे मध्यभागी किंचित खोलगट असतात.

डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा: सावळ्या व कृष्णवर्णीय त्वचेच्या व्यक्तींच्या गालांवर आणि डोळ्यांभोवती येणारे हे तपकिरी-काळे बारीक दाणे आहेत. वयानुसार त्यांची संख्या वाढते. ते निरुपद्रवी असून अनेकदा एकाच घरातील अनेक व्यक्तींत दिसतात.

चपट्या चामखिळी: मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे येणाऱ्या या चामखिळी सपाट माथ्याच्या असतात. दाढी करताना किंवा खाजवताना विषाणू पसरल्यामुळे त्या एका रेषेत उगवलेल्या दिसतात.

मोलस्कम: पॉक्स कुळातील विषाणूमुळे होणारा हा संसर्गजन्य विकार लहान मुलांत अधिक आढळतो. दाणे मोत्यासारखे चकचकीत असल्याने मिलियाचा भास होतो, परंतु प्रत्येक दाण्याच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा असतो. प्रौढ व्यक्तीच्या चेहऱ्यावर मोठ्या संख्येने मोलस्कम आल्यास प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याची शंका घेऊन एचआयव्ही तपासणीचा सल्ला दिला जातो.

झँथेलाज्मा: पापण्यांच्या नाकाकडील बाजूस येणारे हे पिवळे, मऊ, चपटे चट्टे असतात. त्यांत खरोखरच चरबी असते आणि अनेक रुग्णांत रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते. म्हणून अशा वेळी रक्ततपासणी आवश्यक ठरते.

ट्यूबरस स्क्लेरोसिसमधील दाणे: या आनुवंशिक विकारात लहानपणापासून नाकाच्या दोन्ही बाजूंना व गालांवर लालसर, घट्ट दाणे येतात. ते मुरूम समजले जातात. मुलाला फिट्स येत असतील किंवा त्याच्या अंगावर फिकट पांढरे चट्टे असतील, तर हे दाणे त्याच विकाराचा भाग असू शकतात आणि मेंदू, मूत्रपिंडे व हृदय यांची तपासणी करावी लागते.

कुष्ठरोग: या रोगाच्या एका प्रकारात चेहऱ्यावर व कानांच्या पाळ्यांवर न दुखणाऱ्या, चकचकीत गाठी येतात आणि पाळ्या जाड होतात. हातापायांना बधिरता येणे व भुवया विरळ होणे ही त्याची अन्य लक्षणे आहेत. कुष्ठरोग बहुऔषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि हे उपचार भारतातील सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. निदानास उशीर झाल्यास मात्र मज्जातंतूंची हानी कायमची राहते.

त्वचेचा कर्करोग: उतारवयात चेहऱ्यावर आलेला एखादा चकचकीत दाणा हळूहळू वाढत असेल, त्यातून वारंवार रक्त येत असेल किंवा त्यावर खपली धरून ती बरी होत नसेल, तर आधारपेशींच्या कर्करोगाची शंका घेतली जाते. भारतीय त्वचेत हा कर्करोग कमी आढळतो. आढळल्यास तो पुष्कळदा काळसर असतो.

निदान

मिलियाचे निदान बहुतेक वेळा केवळ पाहून होते. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ डर्मॉस्कोप या प्रकाशयुक्त भिंगाने दाण्याचे निरीक्षण करतात. दाण्याच्या माथ्यावर सूक्ष्म छेद घेतल्यावर गोल, पांढरा, घट्ट कण अखंड बाहेर आला तर तो मिलिया असल्याची खात्री पटते. चट्टेदार किंवा अन्य विरळ प्रकारांत त्वचेचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो.

दाणा वेगाने वाढणे, त्यातून रक्त येणे, त्याचा रंग बदलणे, जागा बधिर होणे, अल्पावधीत पुष्कळ दाणे उगवणे किंवा दाण्यांच्या जोडीला ताप, फिट्स यांसारखी लक्षणे असणे, या परिस्थितीत घरगुती उपायांत वेळ न घालवता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

उपचार

नवजात बालकांतील मिलियाला कोणत्याही उपचाराची गरज नसते. मोठ्या व्यक्तींतही उपचार न करणे हा एक योग्य पर्याय आहे, कारण मिलियामुळे आरोग्यास धोका नसतो. चेहऱ्याच्या दिसण्यामुळे अस्वस्थ वाटत असेल तर पुढील उपचार उपलब्ध आहेत.

पुटी काढणे: ही सर्वांत साधी आणि खात्रीची पद्धत आहे. डॉक्टर त्वचा निर्जंतुक करून बारीक सुईच्या किंवा पात्याच्या टोकाने पुटीवरील पातळ पापुद्र्याला सूक्ष्म छेद देतात आणि छोट्या उपकरणाने हलका दाब देऊन आतील कण बाहेर काढतात. टाके घालावे लागत नाहीत, आणि जखम काही दिवसांत भरते. पापणीच्या कडेजवळील पुटी डोळ्याच्या सान्निध्यामुळे तज्ज्ञाकडूनच काढून घ्यावी लागते. काढलेली पुटी सहसा त्याच जागी पुन्हा येत नाही, मात्र शेजारी नवी येऊ शकते.

रेटिनॉइड मलमे: अ जीवनसत्त्वापासून बनवलेली ट्रेटिनॉइन, ॲडापलिन यांसारखी औषधे पेशींच्या गळण्याची प्रक्रिया सुरळीत करतात. दाण्यांची संख्या अधिक असल्यास त्यांचा उपयोग होतो. परिणाम दिसण्यास अनेक आठवडे लागतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, जळजळते आणि उन्हाने लवकर तापते. म्हणून ही मलमे रात्री, अल्प प्रमाणात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लावली जातात. गर्भवती स्त्रियांनी ती वापरू नयेत.

अन्य पद्धती: विद्युतदाहक सुई, लेसर किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणे या पद्धतीही वापरल्या जातात. गोठवण्यामुळे सावळ्या त्वचेवर पांढरा डाग राहू शकतो, त्यामुळे भारतीय रुग्णांत तिचा वापर जपून केला जातो.

दुय्यम मिलियात मूळ आजारावर उपचार करणे हे मुख्य असते. पुटी काढल्या तरी मूळ फोड येत राहिल्यास मिलियाही येत राहतो.

घरगुती उपाय आणि त्यांचे धोके

दाणा नखांनी फोडणे किंवा घरातील सुई-टाचणीने टोचणे हा सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक हानिकारक उपाय आहे. पुटीला तोंड नसल्याने दाब आतल्या बाजूस जातो. पुटीची भिंत आत फुटली तर केराटिन अंतस्त्वचेत पसरते आणि शरीर त्याला परका पदार्थ समजून तेथे दाह निर्माण करते. न दुखणारा पांढरा कण मग लाल, दुखरी गाठ बनतो. निर्जंतुक न केलेल्या सुईने जंतुसंसर्ग होतो. एकच सुई अनेकांसाठी वापरल्यास हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा प्रसार होण्याची शक्यता असते. सौंदर्यप्रसाधनगृहात दाणे काढून घेतानाही हाच धोका लक्षात घ्यावा लागतो.

भारतीय त्वचेच्या बाबतीत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य दाहानंतर अधिक प्रमाणात तयार होते आणि इजेच्या जागी काळा डाग उमटतो. असा डाग महिनोन्‌महिने टिकतो. मूळ दाणा जेमतेम दिसणारा आणि त्याच्या जागी आलेला डाग ठळक, असा अनुभव त्वचारोग चिकित्सालयांत नित्याचा आहे.

लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असल्याने त्वचेची जळजळ करतो. रस लावून उन्हात गेल्यास त्यातील काही द्रव्ये सूर्यप्रकाशाशी अभिक्रिया करून भाजल्यासारखे फोड व काळे चट्टे निर्माण करतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांमुळेही त्वचेचा दाह होतो. चामखिळीवर चुना व सोडा यांचे मिश्रण लावण्याचा किंवा तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याचा प्रघात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतो. चेहऱ्यावरील दाण्यांवर असे मिश्रण लावल्यास रासायनिक भाजणी होते, आणि भाजलेली जागा भरताना तेथेच दुय्यम मिलिया उगवू शकतो. डाळीचे पीठ, मुलतानी माती किंवा हळद यांचा सौम्य लेप सामान्यतः अपाय करत नाही, परंतु पुटीला तोंड नसल्याने त्याचा आतील कणावर परिणामही होत नाही. लेप वाळल्यावर तो जोराने घासून काढणे मात्र टाळावे लागते.

स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर

चेहऱ्यावरील दाणे किंवा डाग घालवण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणून लावण्याची सवय भारतात व्यापक आहे. अशा मलमांपैकी अनेकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइडे असतात. स्टेरॉइड दाह शमवते आणि त्वचा तात्पुरती उजळ दिसते. त्यामुळे प्रथम गुण आल्यासारखे वाटते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लाली व मुरमे वाढतात, अनावश्यक लव येते आणि मलम थांबवताच आग होऊ लागते. त्यामुळे रुग्ण तेच मलम पुन्हा लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेस स्वतंत्र नाव दिले असून मराठीत तिला 'स्टेरॉइडबाधित चेहरा' म्हणता येईल. ज्या मिलियासाठी मलम लावले तो तर जात नाहीच, उलट स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने नवा मिलिया उद्भवू शकतो.

या गैरवापरास आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावण्याच्या चौदा स्टेरॉइडांचा औषध नियमांतील अनुसूची 'एच'मध्ये समावेश केला. या अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दीर्घकाळ वापरलेले मलम एकाएकी बंद केल्यास त्रास वाढतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवले जाते.

घटकांची माहिती नसलेली 'गोरेपणाची' क्रीमही टाळण्याजोगी आहेत. त्यांपैकी काहींत पाऱ्याची संयुगे असतात. पारा त्वचेतून शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो.

नवजात बालकांची काळजी

महाराष्ट्रात बालकाला तेल लावून मालीश करण्याची आणि त्यानंतर डाळीचे पीठ व दुधाची साय लावून आंघोळ घालण्याची परंपरा आहे. अंगावरील लव जावी म्हणून कणकेचा किंवा पिठाचा गोळा फिरवण्याचीही रीत आढळते. चेहऱ्यावरील पांढरे ठिपके 'मळ' समजून तेथे अधिक घासले जाते. नवजात बालकाची त्वचा अत्यंत नाजूक असते. घासल्याने तिच्यावर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि त्यांतून जंतूंना प्रवेश मिळतो. मिलिया आपोआप जाणारा असल्यामुळे चेहरा कोमट पाण्याने व मऊ कापडाने टिपून घेणे पुरेसे असते. ठिपक्यांवर भुकटी, काजळ किंवा कोणतेही मलम लावण्याचे कारण नसते.

नवजात बालकाच्या अंगावरील प्रत्येक दाणा मात्र मिलिया नसतो. घामोळे उन्हाळ्यात किंवा अति गुंडाळल्यामुळे येते. नवजात मुरूम साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसतात व त्यांभोवती लाली असते. पिवळ्या पूने भरलेले फोड हे जंतुसंसर्गाचे लक्षण असते. बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पद्धतीत दहा किंवा त्याहून अधिक पुवाचे फोड, अथवा एकच मोठे गळू, हे गंभीर संसर्गाचे चिन्ह मानले जाते आणि अशा बालकास त्वरित रुग्णालयात पाठवले जाते. बालक दूध ओढत नसेल, मलूल असेल, त्याला ताप असेल किंवा त्याचे अंग थंड पडले असेल, तर फोडांची संख्या न पाहता तातडीने उपचार आवश्यक असतात.

ग्रामीण भागात आशा कार्यकर्त्या जन्मानंतरच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी येऊन बालकाची तपासणी करतात. घरोघरी नवजात बालसेवेच्या या पद्धतीची पायाभरणी गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कार्यातून झाली. मिलिया आणि पुवाचे फोड यांतील भेद समजून घेण्यासाठी या भेटींचा उपयोग होतो.

प्रतिबंध

नवजात व प्राथमिक मिलिया टाळण्याचा निश्चित उपाय नाही. इतर वयात पुढील सवयी उपयुक्त ठरतात: चेहरा दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने किंवा साध्या पाण्याने धुणे, डोळ्यांभोवती जाड व तेलकट प्रसाधने न लावणे, रात्री प्रसाधने पूर्ण काढून झोपणे, उन्हापासून त्वचेचे रक्षण करणे, आणि भाजल्याची किंवा खरचटल्याची जखम भरून येत असताना तिची खपली न काढणे.

आयुर्वेदातील उल्लेख

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात तरुणांच्या मुखावर येणाऱ्या पिटिकांचा उल्लेख असून त्यांना मुखदूषिका म्हटले आहे. त्या शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांसारख्या असतात आणि कफ, वात व रक्त यांच्या विकृतीने उत्पन्न होतात, असे तेथे सांगितले आहे. तारुण्याशी जोडलेले हे वर्णन आजच्या तारुण्यपीटिकांशी जुळते, मिलियाशी नव्हे. चेहऱ्यावरील दाण्यांत रूपावरून भेद करण्याची दृष्टी भारतीय वैद्यकात प्राचीन काळापासून होती, हे त्यावरून दिसते.

सामाजिक बाजू

मिलिया शारीरिकदृष्ट्या निरुपद्रवी असला तरी चेहऱ्यावर असल्यामुळे तो मनाला लागतो. किशोरवयीन मुले-मुली आणि विवाहयोग्य वयातील तरुणी यांच्यावर चेहऱ्याच्या दिसण्याचे दडपण अधिक असते. एखादा समारंभ तोंडावर आला की घाईने दाणे काढून घेतले जातात आणि ऐन वेळी लाल व्रण उरतो. छेद दिलेली जागा पूर्ववत होण्यास वेळ लागत असल्यामुळे असा उपचार समारंभाच्या पुरेसा आधी करून घ्यावा लागतो. 'चेहरा नीट धुवत नाहीस', 'तेलकट खातेस म्हणून आले' अशा शेऱ्यांना मिलियाच्या बाबतीत शास्त्रीय आधार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत मिलियाचे निदान व उपचार बाह्यरुग्ण म्हणून अल्प खर्चात होतात.

हे सुद्धा पहा

तारुण्यपीटिका
घामोळे
चामखीळ
कुष्ठरोग
त्वचा
केराटिन